मेमरी कमी पडते तेव्हा कर्नल काय करतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने लिनक्स कर्नलविषयी, म्हणजे प्रोग्रॅम आणि यंत्राचे भाग यांच्यामधल्या त्या प्रणालीच्या गाभ्याविषयी आहे. विंडोज आणि ॲपलच्या प्रणालींचा उल्लेख जिथे फरक समजून घेण्यासारखा आहे तिथेच केला आहे. सर्व्हर किंवा छोटे बोर्ड सांभाळणाऱ्यांकडून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे मेमरी हा एकसंध साठा आहे आणि तो शून्यावर आला की यंत्र अडते. प्रत्यक्षात कर्नल अडतो तो विशिष्ट पत्त्यांच्या पट्ट्यात, विशिष्ट आकाराचा तुकडा, विशिष्ट क्षणी मिळाला नाही म्हणून. आणि हे पट्टे व हे आकार प्रोसेसरगणिक बदलतात.

फ्री कमांड मोकळी मेमरी फारच थोडी दाखवते आहे. काळजी करावी का?

बहुधा नाही. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून कर्नल ती वाचलेल्या फाइलींची पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) साठवण्यासाठी वापरतो आणि मागणी आली की सोडून देतो. बघायचा रकाना 'फ्री' नसून 'अव्हेलेबल' आहे. त्यामागचा अंदाज कर्नल स्वतः २०१४ मधील ३.१४ आवृत्तीपासून देतो.

माझ्याकडे उलटे आहे. दोन जीबी मोकळी दिसत असताना कर्नलने प्रोसेस मारली. हे कसे?

यंत्र ३२ बिटचे असेल तर हा प्रकार जुना आणि नेहमीचा आहे. लॉगमध्ये ओओएम किलर (मेमरी अगदीच कमी पडली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जागा झाल्याची ओळ शोधावी आणि तिच्याखाली प्रत्येक झोनसाठी (कर्नलने पत्त्यांनुसार पाडलेल्या मेमरीच्या भागासाठी) छापलेली स्वतंत्र ओळ वाचावी. समजा, तिथे नॉर्मल झोनसमोर 'फ्री' ३,६८० केबी आणि 'मिन' ३,७२८ केबी आहे, तर हायमेम झोनसमोर 'फ्री' २१,००,००० केबी आहे. म्हणजे दोन जीबी खरोखरच मोकळी होती, पण ती हायमेममध्ये होती. मागणी मात्र कर्नलने स्वतःच्या रचनांसाठी केलेली होती आणि ती हायमेममधून भागवता येत नाही. नॉर्मल झोन किमान पातळीच्या खाली गेला, तिथून काही सोडवता आले नाही आणि ओओएम किलर चालला. अशा यंत्रात आणखी रॅम घातली तर ती हायमेममध्येच जमा होते आणि दुखणे वाढते. ते का, हे पुढच्या उत्तरात येते.

नॉर्मल आणि हायमेम हे झोन मुळात आले कुठून? ८९६ एमबी या आकड्यामागे काय आहे?

३२ बिट प्रोसेसरवर आभासी पत्त्यांची एकूण जागा ४ जीबी असते. इंटेलच्या ३२ बिट प्रोसेसरवर लिनक्सने तिची ३ : १ अशी वाटणी केली : खालचे ३ जीबी प्रोग्रॅमसाठी, वरचा १ जीबी कर्नलसाठी. त्या १ जीबीपैकी १२८ एमबी तात्पुरत्या जोडण्या आणि व्हीमॅलॉक (विखुरलेली पेजेस सलग पत्त्यांवर जोडून देणारी सोय) यांच्यासाठी राखून ठेवली जाते, आणि उरलेल्या ८९६ एमबीमध्ये प्रत्यक्ष रॅमचा सुरुवातीचा भाग कायमचा जोडलेला असतो. हा भाग म्हणजे लोमेम. त्यापुढची सगळी रॅम हायमेम, जिच्यापर्यंत पोचण्यासाठी कर्नलला दर वेळी पेज तात्पुरते जोडून घ्यावे लागते.

प्रोसेसचे वर्णन करणाऱ्या रचना, कर्नलचे स्टॅक, आयनोड (फाइलींच्या नोंदी), डेंट्री (फाइलींच्या नावांच्या नोंदी), नेटवर्कचे बफर हे सारे लोमेममध्येच राहते. प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा आणि फाइलींची पेजेस हायमेममध्ये जाऊ शकतात. खरी मेख अशी, की हायमेममधल्या प्रत्येक पेजची नोंदही लोमेममध्येच ठेवावी लागते. ३२ बिट कर्नलमध्ये ही नोंद दर पेजमागे सुमारे ३२ बाइटची असते. ८ जीबी रॅमसाठी ती ६४ एमबी होते, ती परवडते. पण पीएई (३२ बिट प्रोसेसरला जास्त रॅमपर्यंत पोचू देणारी सोय) वापरून ३६ बिट पत्त्यांनी ६४ जीबी रॅम जोडली, तर नुसत्या नोंदींना ५१२ एमबी लागतात, म्हणजे ८९६ पैकी अर्ध्याहून अधिक जागा प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीच गेलेली असते. त्यावर लाखो छोट्या फाइली हाताळणारा सर्व्हर चालवला, तर फाइलींची पेजेस ऐसपैस हायमेममध्ये आणि त्यांचे आयनोड दाटीवाटीने लोमेममध्ये, अशी स्थिती होते. माझ्या मते १६ जीबीच्या पुढे ३२ बिट कर्नल चालवणे हा कधीच शहाणपणाचा निर्णय नव्हता.

इतर ३२ बिट प्रोसेसरवरही ८९६ एमबीच असते का?

नाही. एआरएमच्या ३२ बिट कर्नलमध्ये व्हीमॅलॉकसाठी मूळ मांडणीत २४० एमबी सोडलेली असल्याने लोमेम साधारण ७६० एमबीवर थांबते, त्यामुळे १ जीबीचा साधा बोर्डसुद्धा हायमेमच्या भानगडीत सापडतो. वाटणी २ : २ करून बांधलेला कर्नल अशा बोर्डवर सुटसुटीत चालतो, मात्र प्रोग्रॅमला मिळणारी पत्त्यांची जागा कमी होते. पॉवरपीसीच्या ३२ बिट कर्नलमध्ये मूळ मर्यादा ७६८ एमबी आहे. मिप्समध्ये तर ही मर्यादा लिनक्सने ठरवलेली नसून प्रोसेसरच्या रचनेतच आहे : केसेग-शून्य नावाचा, पेज टेबलाविना थेट जोडलेला पट्टा ५१२ एमबीचा आहे आणि लोमेम तेवढीच. घरगुती राउटरमधल्या मिप्स चिपसोबत मेमरीच मुळात त्याहून पुष्कळ कमी असते, म्हणून तिथे कोणाला याची आठवण होत नाही.

६४ बिट प्रोसेसरवर झोनची कटकट संपली असे म्हणता येईल का?

हायमेमची संपली. झोनची नाही, कारण झोन केवळ कर्नलच्या सोयीसाठी नसतात. कोणते उपकरण किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोचू शकते, यावरही ते ठरतात.

एक्स-८६ च्या ६४ बिट कर्नलमध्ये पहिल्या १६ एमबीचा डीएमए झोन आजही दिसतो (डीएमए म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरी वाचणे-लिहिणे). जुन्या आयएसए बसवरील उपकरणांना २४ बिटांचाच पत्ता देता येत असे, ही त्यामागची हकिकत. त्यावर ४ जीबीपर्यंत डीएमए-३२ झोन आणि मग नॉर्मल. आयबीएमच्या एस-३९० वर्गातील मेनफ्रेमवर डीएमए झोन २ जीबीपर्यंत असतो, कारण त्या परंपरेत पत्ता ३१ बिटांचा होता. रास्पबेरी पाय ४ मध्ये प्रोसेसर ६४ बिट असूनही काही अंतर्गत उपकरणे पहिल्या १ जीबीपलीकडे पाहू शकत नाहीत, म्हणून एआरएम-६४ कर्नलमध्ये १ जीबीचा डीएमए झोन आणावा लागला.

मागणी वरच्या झोनमधून सुरू होऊन खाली सरकू शकते. खालून वर कधीच जात नाही. मग वरच्या झोनच्या मागण्यांनी खालचे झोन धुऊन नेऊ नयेत म्हणून प्रत्येक खालच्या झोनमध्ये राखीव हिस्सा ठेवतात. मूळ प्रमाण २५६ ला १ असे असते, म्हणजे नॉर्मल झोन १२ जीबीचा असेल तर त्याच्या मागण्यांपासून डीएमए-३२ मधली ४८ एमबी वाचवली जाते. लॉगमध्ये एखाद्या झोनमध्ये मोकळी पेजेस 'मिन'पेक्षा जास्त दिसूनही वाटप नाकारलेले असेल, तर हा राखीव हिस्सा मोजायचा राहिला आहे असे समजावे.

मेमरी कमी पडत चालली आहे, हे कर्नलला कोणत्या टप्प्यावर कळते?

प्रत्येक झोनला तीन पातळ्या असतात : मिन, लो आणि हाय. मोकळी पेजेस 'लो'खाली गेली की त्या नोडचा (एका प्रोसेसरजवळच्या मेमरीच्या गटाचा) केस्वॅपडी हा कर्नलचा थ्रेड जागा होतो आणि 'हाय'पर्यंत पेजेस मोकळी करून पुन्हा झोपतो. तोपर्यंत प्रोग्रॅमला काही जाणवत नाही. मागण्या केस्वॅपडीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने आल्या आणि पातळी 'मिन'ला टेकली, की मागणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून तिच्याकडून पेजेस मोकळी करण्याचे काम करून घेतले जाते. याला डायरेक्ट रीक्लेम म्हणतात, आणि सर्व्हर अधूनमधून अडखळतो ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.

'मिन'च्या खालचा साठा धरणातल्या मृतसाठ्यासारखा आहे : तो रोजच्या पुरवठ्यासाठी नाही. व्यत्ययाच्या मध्येच मेमरी लागणारा नेटवर्क ड्रायव्हर, किंवा पेजेस मोकळी करण्यासाठीच ज्याला थोडी मेमरी हवी असा कोड, एवढ्यांनाच त्यात हात घालता येतो.

तिन्ही पातळ्यांमधले अंतर मूळ मांडणीत फार कमी असते. ४.६ आवृत्तीपासून ते वॉटरमार्क स्केल फॅक्टर या सेटिंगने ठरते. त्याचे मूळ मूल्य १० म्हणजे झोनच्या ०.१ टक्का. मोठ्या रॅमच्या आणि झटक्यासरशी मागणी करणाऱ्या सर्व्हरवर हे मूल्य वाढवणे हा मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो, कारण केस्वॅपडी लवकर उठतो आणि डायरेक्ट रीक्लेमची वेळ टळते.

माझ्या यंत्रावर मिन-फ्री-केबाइट्सचे (ज्यावरून 'मिन' पातळी ठरते त्या सेटिंगचे) मूल्य ६७५८४ आहे. हा आकडा कोणी ठरवला?

कर्नलने, आणि तो हातानेही काढून पाहता येतो. सुरुवातीचे मूल्य लोमेमच्या केबीमधील आकड्याला १६ ने गुणून त्याचे वर्गमूळ काढून येते : १ जीबीला ४,०९६ केबी, १६ जीबीला १६,३८४ केबी. पण ट्रान्स्परंट ह्यूज पेज (कर्नलने आपोआप वापरलेली मोठी पेजेस) चालू असतील तर मोठे सलग तुकडे शिल्लक राहावेत म्हणून कर्नल वेगळा हिशेब करतो. त्यात प्रत्येक वापरातल्या झोनमागे ११ पेजब्लॉक (ह्यूज पेजएवढे सलग पेजेसचे गट) धरले जातात. एक्स-८६ वर पेजब्लॉक २ एमबीचा आणि साध्या यंत्रात झोन तीन. तेव्हा ११ गुणिले २ गुणिले ३ म्हणजे ६६ एमबी, म्हणजेच ६७,५८४ केबी. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर दुसऱ्या नोडचा नॉर्मल झोन धरून झोन चार होतात आणि आकडा ९०,११२ येतो.

हाच हिशेब ६४ केबी पेज वापरणाऱ्या यंत्रावर कसा होतो?

इथे प्रोसेसरचा फरक खऱ्या अर्थाने अंगावर येतो. एक्स-८६ वर मूळ पेज ४ केबीचेच असते. एआरएम-६४ वर ४, १६ किंवा ६४ केबी यांपैकी एक आकार कर्नल बांधताना निवडावा लागतो. पॉवरच्या ६४ बिट सर्व्हरवर ६४ केबी पेज सर्रास आढळते. रेड हॅटने आपल्या एआरएम-६४ आवृत्तीत आधी ६४ केबी ठेवले होते. नवव्या आवृत्तीत मूळ कर्नल ४ केबीवर आणून ६४ केबीचा पर्याय वेगळा दिला.

६४ केबी पेजचे एक टेबल ८,१९२ नोंदींचे असते, त्यामुळे एआरएम-६४ वर ह्यूज पेजचा आकार २ एमबी न राहता ५१२ एमबी होतो, आणि पेजब्लॉकही तेवढाच. आता ११ गुणिले ५१२ एमबी म्हणजे एका झोनमागे साडेपाच जीबी राखीव! कर्नल या राखीव साठ्याला ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घालतो, तरीसुद्धा ६४ जीबीच्या यंत्रावर ३ जीबीहून अधिक मेमरी 'मिन'च्या खाली अडकून राहू शकते. बऱ्याच कर्नल आवृत्त्यांवर असे घडते, आणि एक्स-८६ वरून तेच सॉफ्टवेअर हलवणाऱ्याला आधी मेमरी गळतीचाच संशय येतो.

बाकीचा खर्च किरकोळ दिसतो, पण साठत जातो. एक केबीची फाइल वाचली तरी तिला एक पूर्ण पेज लागते, म्हणजे ४ केबीऐवजी ६४. कर्नलमधील प्रत्येक थ्रेडचा स्टॅक साधारणपणे १६ केबीचा असतो. ६४ केबी पेजच्या एआरएम-६४ कर्नलवर तो ६४ केबीचा होतो. १०,००० थ्रेडना एकीकडे सुमारे १५६ एमबी, दुसरीकडे ६२५ एमबी. मोठ्या पेजचा फायदा खराच आहे, कारण टीएलबीच्या (अलीकडे वापरलेल्या पत्त्यांचे भाषांतर लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या साठ्याच्या) तेवढ्याच नोंदींत कितीतरी जास्त मेमरी बसते आणि मोठ्या डेटाबेसला किंवा वैज्ञानिक गणनेला त्याने वेग येतो. पण थोड्या रॅमच्या यंत्रावर तो घेण्यासारखा सौदा नाही.

तुकडे पडणे म्हणजे फ्रॅग्मेंटेशन आणि मेमरी संपणे यांत कर्नल फरक करतो का?

करतो. वाटप दोनच्या घातांच्या पटीत होते आणि त्या घाताला ऑर्डर म्हणतात : ऑर्डर शून्य म्हणजे एक पेज, ऑर्डर ३ म्हणजे सलग ८ पेजेस. ऑर्डर ३ पर्यंतच्या मागण्यांसाठी कर्नल चिकाटीने प्रयत्न करतो आणि शेवटी ओओएम किलरही वापरतो. त्याहून मोठी मागणी असेल तर कोणालाही न मारता नकार देतो, कारण एखादी प्रोसेस मारल्याने सलग जागा मिळेलच असे नाही. म्हणून लॉगमध्ये पेज अलोकेशन फेल्युअर आणि ऑर्डर ४ किंवा ५ दिसली, तर रॅम वाढवण्यापेक्षा सलग जागा का उरली नाही, हे शोधावे. हीच ऑर्डर ३ म्हणजे ४ केबी पेजवर ३२ केबी आणि ६४ केबी पेजवर ५१२ केबी, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वॅप बंद ठेवला तर यंत्र वेगवान राहते, हे खरे आहे का?

हा सल्ला फार पसरला आहे आणि सरसकट चुकीचा आहे. स्वॅप म्हणजे रॅममधली पेजेस काढून ठेवण्याची, सहसा डिस्कवरची, जागा. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाची पेजेस स्वॅपशिवाय कुठेच लिहिता येत नाहीत. मग दाब वाढला की कर्नलच्या हाती फक्त फाइलींची पेजेस उरतात, आणि त्यांत चालू प्रोग्रॅमचा कोडही येतो. तो कोड टाकायचा, लगेच पुन्हा डिस्कवरून वाचायचा, पुन्हा टाकायचा, अशा घुसळणीत यंत्र मिनिटेच्या मिनिटे गोठते आणि तरीही ओओएम किलर येत नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने पेजेस मोकळी होत असतात. डिस्कवर स्वॅप नको असेल तर झेडरॅम वापरावे. ते पेजेस दाबून रॅममध्येच ठेवते आणि २०१४ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. कोणती पेजेस आधी काढायची याची निवड २०२२ अखेरच्या ६.१ आवृत्तीतील एमजीएलआरयू या नव्या पद्धतीने बरीच सुधारली आहे.

ओओएम किलर बळी कसा निवडतो?

निकष साधा आहे. प्रोसेसने व्यापलेली रॅम, तिचा स्वॅपमधला हिस्सा आणि तिची पेज टेबले यांची बेरीज करून सर्वांत मोठी प्रोसेस निवडली जाते. या बेरजेत ओओएम-स्कोअर-ॲडज हे मूल्य मिसळता येते : उणे १,००० म्हणजे हिला हात लावू नये, अधिक १,००० म्हणजे हिलाच आधी. एसएसएचचा मुख्य डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) स्वतःला उणे १,००० देतो, म्हणून बिकट वेळीही बहुधा लॉगिन करता येते. ही पद्धत २०१० च्या २.६.३६ आवृत्तीतली आहे. २०१६ च्या ४.६ मध्ये ओओएम रीपर आला. मारलेली प्रोसेस एखाद्या लॉकवर अडून बसली तरी तिची मेमरी तो परस्पर सोडवतो.

गळती करणारी प्रोसेस आणि सर्वांत मोठी प्रोसेस या एकच असतील असे नाही. डेटाबेस मारला गेला म्हणून डेटाबेसलाच दोष देऊ नये.

मॅलॉकने मेमरी दिली होती. मग नंतर प्रोसेस का मरते?

मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरी मागण्याचा मार्ग, फक्त पत्ते देतो. प्रत्यक्ष पेज पहिल्या वापराच्या वेळी जोडले जाते आणि फोर्क केलेल्या (म्हणजे चालू प्रोसेसची प्रत म्हणून निघालेल्या) प्रोसेस तर लिहिण्याची वेळ येईपर्यंत एकच पेज वाटून घेतात. कर्नल त्यामुळे हातात असलेल्यापेक्षा जास्त देऊ करतो. यालाच ओव्हरकमिट म्हणतात. ओव्हरकमिटची मूळ पद्धत शून्य ही केवळ उघडउघड अवास्तव मागण्या नाकारते. पद्धत १ काहीच नाकारत नाही आणि रेडिस हा डेटाबेस तीच सुचवतो, कारण डेटा जतन करताना तो फोर्क करतो. पद्धत २ कडक हिशेब ठेवते. पद्धत २ लावताना लक्षात ठेवावे की मर्यादा म्हणजे पूर्ण स्वॅप आणि त्यात रॅमचे ५० टक्के, इतकीच असते. ८ जीबीच्या आणि स्वॅप नसलेल्या यंत्रावर ती ४ जीबी होते, आणि अर्धी रॅम रिकामी असताना फोर्क नाकारला जातो.

विंडोज या बाबतीत मुळातच कडक आहे. रॅम आणि पेजफाइल मिळून होणाऱ्या मर्यादेपलीकडे ते वचनच देत नाही. त्यामुळे तिथे मागणीच्या क्षणी नकार मिळतो, आणि ओओएम किलरसारखी यंत्रणा लागत नाही.

कंटेनर १३७ या कोडने बंद पडला, पण यंत्रावर भरपूर मेमरी होती. असे का?

१३७ म्हणजे १२८ अधिक ९; ९ हा सिगकिल, म्हणजे प्रोसेस तत्काळ मारण्याचा संकेत. बहुधा त्या कंटेनरच्या सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीची) मेमरी-मॅक्स मर्यादा गाठली गेली आणि ओओएम किलर त्या सीग्रुपपुरता चालला. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत मेमरी-हाय ही मर्यादाही आहे. ती ओलांडली तर प्रोसेस मारली जात नाही, तिला मंद करून मेमरी मोकळी करायला लावले जाते.

फोनमध्ये हेच सगळे चालते का?

अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच आहे, पण तिथे ओओएम किलरपर्यंत वेळ येऊ देत नाहीत. पूर्वी लोमेमरीकिलर नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच होता. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत तो मुख्य कर्नलमधून काढला आणि ते काम एलएमकेडी या डीमनकडे आले. समोर उघडलेल्या ॲपचा गुण शून्य आणि मागे नुसत्या साठवून ठेवलेल्या ॲपचा ९०० च्या पुढे असतो. मारणे सर्वांत जास्त गुणाच्या ॲपपासून सुरू होते. अँड्रॉइड १० पासून हा डीमन पीएसआय पाहतो. फेसबुकमधील योहानेस वायनर यांनी लिहिलेली ही यंत्रणा २०१८ अखेरच्या ४.२० आवृत्तीत आली. मोकळी पेजेस किती, हे ती सांगत नाही. मेमरीअभावी कामे किती वेळ खोळंबली, ते सांगते. सर्व्हरवरही धोक्याची पूर्वसूचना म्हणून मी तिलाच पहिली पसंती देईन.

ॲपलच्या प्रणालींत मॅकओएस २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून पेजेस दाबून ठेवते, आणि आयओएसवर ॲपला आधी इशारा देऊन मग जेटसॅम नावाची यंत्रणा ते बंद करते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर पेज १६ केबीचे असते. अँड्रॉइडही आता त्याच वाटेने निघाले आहे : १५ व्या आवृत्तीपासून १६ केबी पेजची उपकरणे चालतात, त्यामुळे ४ केबी गृहीत धरून लिहिलेला नेटिव्ह कोड पुन्हा बांधावा लागतो.

जुन्या ३२ बिट पीसीमध्ये ४ जीबीहून जास्त रॅम आहे. नवा कर्नल टाकावा का?

२०२५ च्या ६.१५ आवृत्तीत एक्स-८६ च्या ३२ बिट कर्नलमधून ४ जीबीपलीकडील रॅमचा आधार काढून टाकला आहे, त्यामुळे वरची रॅम दिसणारच नाही. प्रोसेसर ६४ बिट चालवू शकत असेल, आणि एवढी रॅम बसणाऱ्या यंत्रात तो बहुधा असतोच, तर ६४ बिट कर्नल टाकावा. ६४ बिट एक्स-८६ कर्नलवर ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम तसेच चालतात.